बदलता येणारं तिकीट

सदाशिव पेठ, पुणे
१३ जानेवारी २०१६

प्रिय दत्तू,

अनेक आशीर्वाद. भाग्यश्रीचा खोकला आता बरा असेल. स्पृहाला गुरगावच्या थंडीत कानटोपी घालायला सांगत जा. नववीतली मुलगी ऐकणार नाही, पण सांगायचं काम आपलं.

पाकीट पाहून दचकला असशील. वाईट बातमी नाही. फोनवर तू "हं ताई, बोल" म्हणतोस तेव्हा मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत असतं, आणि मग मला काय सांगायचं होतं तेच आठवत नाही. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. पोस्टाची पेटी क्लासच्या वाटेवरच आहे.

इकडे सगळं ठीक. माझ्या जर्मनच्या क्लासच्या दोन्ही बॅचेस भरल्या आहेत. हिंजवडीतल्या कंपन्यांना एकाएकी जर्मनीचं प्रेम आलेलं दिसतं. दिवसभर संगणकापुढे बसलेली मुलं संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसतात आणि 'मी स्टेशनवर उभा आहे, माझी गाडी चुकली' असली वाक्यं घोकतात. शिकवताना बरं वाटतं, म्हणजे वाईट वाटत नाही. घरी आले की आईच्या खोलीतला दिवा लावते आणि थोड्या वेळानं बंद करते. संक्रांत दोन दिवसांवर आली, पण यंदा आपल्याला सण नाही, त्यामुळे तिळगुळाची कटकट वाचली.

तुझा मेसेज परवा मिळाला. शनिवारी जमत नाही, क्लायंटची माणसं यायची आहेत, तिकीट बदलून वीस फेब्रुवारीचं केलं. ठीक आहे. नोकरी म्हटली की हे आलंच. मला हळहळ वाटली ती तिकिटाची. विमानाचं तिकीट, तेही ऐन वेळी बदलायचं, म्हणजे चांगलाच भुर्दंड बसला असणार. शालूमावशीचा फोन आला होता. "काय गं, दत्तू येत नाही म्हणे?" सूर जरा तिखटच होता. मी म्हटलं, "मावशी, त्यानं तिकिटावर पाणी सोडलंय. हौस म्हणून कोणी असं करत नाही." तेव्हा ती वरमली. "बिचारा," म्हणाली.

बाबा रिझर्व्हेशन करून आले की तिकीट आधी देवापुढे ठेवायचे, आठवतं? मग आभाळ कोसळलं तरी जायचं. मला सणसणून ताप असताना आपण नागपूरच्या लग्नाला गेलो होतो आणि मी तिथे मांडवात झोपून होते. "तिकीट काढलं म्हणजे शब्द दिला," हे त्यांचं ठरलेलं. तुझ्या तिकिटाचा कागद मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि देवापुढे ठेवला होता. आता जुना काढून नवा ठेवला आहे.

आईचं म्हणणं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. तिचं माहेर साताऱ्याचं, म्हणून अस्थी माहुलीच्या संगमावर सोडायच्या, आणि दोघांनी मिळून सोडायच्या. "एकानं उरकायचं नाही," असं म्हणाली होती. 'उरकायचं' हा शब्द तिचाच. ती गेली तेव्हा तू सिंगापूरला होतास, म्हणून अग्नी मी दिला. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. तेराव्याला तू सकाळी आलास आणि संध्याकाळी परत गेलास, त्यात माहुली बसणं शक्य नव्हतं, हेही सगळ्यांना पटलं. पंगत उठायच्या आत तू मोबाइलवर जानेवारीचं तिकीट काढून शालूमावशीला दाखवलंस. तिला रडू आलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, पक्कं झालं.

गडू गच्चीवर आहे. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून तोंडाला कापड बांधून पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला टांगला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव भेटले होते. "हेमाताई, नियमात बसत नाही असं मी म्हणत नाही. पण साधारण किती दिवस?" मी म्हटलं, "वीस फेब्रुवारी." त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात फळ्यावर सूचना होती: 'गच्चीवर वैयक्तिक वस्तू ठेवू नयेत.' आई आता वैयक्तिक वस्तू झाली. ती असती तर खळखळून हसली असती.

मी रोज सकाळी वर जाऊन बघून येते. बरी आहे.

वीसला अळूची भाजी करीन. चिंच जास्त, तुला लागते तशी.

तुझी,
हेमाताई


सदाशिव पेठ, पुणे
२४ फेब्रुवारी २०१६

प्रिय दत्तू,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघंही बरे असाल.

हे तुला सांगणार नव्हते. शनिवारी मी विमानतळावर आले होते.

तू कॅब करून येणार होतास, मी येणार हे तुला माहीत नव्हतं, तेव्हा तुझा दोष नाही. मलाच सकाळी घरात बसवेना. अळू उकडून ठेवलं, साडी बदलली आणि रिक्षा केली. लोहगावपर्यंतचा रिक्षावाल्याचा आकडा ऐकून एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते, पण तशीच रिक्षात बसले. बाहेर कठड्याला टेकून उभी राहिले. हातात पाट्या घेतलेले ड्रायव्हर होते. दिल्लीचं विमान आलं, माणसं बाहेर पडली, बॅगा ओढत गेली. कठड्यापाशी मी आणि एक पाटीवाला, एवढेच उरलो. त्याचाही माणूस आला.

मग तुझा मेसेज. 'सॉरी ताई, सकाळीच चेंज केलं, सांगायचं राहून गेलं. २६ मार्च. पक्का.'

मी परत आले. अळूची भाजी दोन दिवस पुरली.

मागच्या पत्रात मी तुझ्या भुर्दंडाबद्दल लिहिलं होतं. त्यावर तू मेसेजमध्ये एक हसरा चेहरा पाठवलास. मला वाटलं, ताईला बरं वाटावं म्हणून हसतोय. सोमवारी क्लास सुटल्यावर नम्रता मागे थांबली होती. ही माझी विद्यार्थिनी, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दर पंधरा दिवसांनी विमानात असते. सहज विषय निघाला. मी म्हटलं, "माझ्या भावाचे या तिकिटांत फार पैसे जातायत गं."

तिनं विचारलं, "कार्ड कुठलं आहे?" तेराव्याला तू हातात धरलेलं ते निळं कार्ड मी पाहिलं होतं. विमान कंपनीचं चित्र होतं त्यावर.

"अहो मॅडम, मग तुम्ही उगाच टेन्शन घेताय! माझ्याकडे तेच आहे. त्याच्यावर डेट चेंज फ्री असतो. कितीही वेळा. फ्लाइटच्या चार तास आधीपर्यंत. कॅन्सल केलं तर फुल रिफंड. आम्ही सगळे तसंच करतो, आधी बुक करून टाकायचं, मग बघायचं."

"मग बघायचं म्हणजे काय?"

"म्हणजे... जायचं की नाही ते."

तिनं बिचारीनं मला धीर द्यायला सांगितलं. मी तिला चहा पाजला.

घरी येऊन देवापुढचा कागद काढला. फाडला वगैरे नाही, रद्दीत ठेवला. मार्चच्या तिकिटाचा कागद छापून आणलेला नाही. शालूमावशीला अजून हे सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना 'दत्तूनं तिकिटावर पाणी सोडलं' म्हणून सांगत फिरते आहे. तिचं तसंच राहू दे.

मला खूप राग यायला हवा होता. मी बसून वाटही पाहिली. आला नाही. आई गेल्यापासून माझं असंच झालं आहे. गरम कपाला हात लागला तर चटका बसतो हे कळतं, पण हात मागे घ्यायला उशीर लागतो. मी रडलेलेही नाही, दत्तू. अग्नी देताना नाही, तेराव्याला नाही. मुलं विचारतात, "मॅडम, बऱ्या आहात ना?" मी आहे म्हणते, आणि पुढचं वाक्य सांगते.

एक मात्र सांगते. तू ज्याला 'येतो' म्हणतोस आणि मी ज्याला 'येतो' म्हणते, ते वेगळं आहे. तू फसवत होतास असं मला वाटत नाही. तू तिकीट काढतोस तेव्हा तुला खरंच यायचं असतं. पण यायचं आणि न यायचं दोन्ही एकाच भावात मिळत असेल, तर माणूस शुक्रवारी संध्याकाळी जे सोपं तेच करणार. मीही केलं असतं कदाचित. माझ्याकडे कार्ड नाही.

रंगराव परवा जिन्यात भेटले. त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं. मी म्हटलं, "सव्वीस मार्च." ते म्हणाले, "अस्सं."

भाग्यश्रीला आशीर्वाद. स्पृहाची परीक्षा कधी आहे ते कळव.

ताई


सदाशिव पेठ, पुणे
३ मे २०१६

प्रिय दत्तू,

आशीर्वाद. स्पृहा दहावीत गेली, मार्कही चांगले पडले, हे भाग्यश्रीनं कळवलं. आनंद झाला. आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, फोन ठेवल्यावर मी खरंच थोडी साखर तोंडात टाकली.

पुण्यात ऊन मी म्हणतंय. पाणी एक दिवसाआड येतं. त्यामुळे माणसं एकमेकांशी जरा जास्तच पुणेरी बोलतात. उन्हाळ्याची बॅच सुरू झाली. नम्रता पुढच्या महिन्यात म्युनिकला चालली, दोन वर्षांसाठी. पेढे घेऊन आली होती. तिला मी विचारलं, "जायचं नक्की ना, की मग बघायचं?" तिला कळलं नाही ते बरं झालं.

मार्चची तारीख होळीच्या सुट्टीत भाग्यश्रीच्या माहेरी जायचं ठरल्यामुळे गेली. तीस एप्रिलची तू केलीस तेव्हा मात्र तू फोन केला होतास, आणि मागे कोणी बोलत नव्हतं. "ताई, या वेळी काहीही झालं तरी येतो. तू गुरुजींना सांगून ठेव." तुझा आवाज लहानपणीसारखा होता. मी माहुलीच्या गुरुजींना फोन केला. शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली. तुम्ही तिघं आणि मी म्हणून सात जणांची गाडी सांगितली. ड्रायव्हर धायरीचा, कोंडीराम म्हणून, माणूस चांगला.

शुक्रवारी दुपारी तुझा मेसेज आला. अकरा जून.

मी तुला 'ठीक आहे' असं उत्तर पाठवलं. ते तुझ्याकडे असेल. त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र. इतका वेळ पावसापाण्याचं लिहिते आहे, कारण तिथपर्यंत यायला मला जमत नाहीये.

शनिवारी सकाळी गुरुजींना आणि गाडीला नको म्हणून सांगायचं ठरवलं होतं. त्याआधी नेहमीप्रमाणे गच्चीवर गेले. आदल्या दिवशी टाकी धुवायला माणसं आली होती. शिडी लागणारच त्यांना. त्यांनी गडू सोडून खाली ठेवला होता, रंगाचे रिकामे डबे आणि फुटकी कुंडी आहे त्या कोपऱ्यात. आडवा झालेला होता. कापड घट्ट होतं, काही सांडलं नव्हतं. त्यांची काही चूक नाही. त्यांना कुठं ठाऊक की ती कोण आहे?

मी गडू उचलला, पदरानं पुसला आणि खाली आले. दार उघडून घरात मात्र गेले नाही. शेजारच्या वहिनींकडून पर्स मागवली आणि तशीच गाडीत जाऊन बसले. घरातल्या साडीवर.

कोंडीराम म्हणाला, "ताई, अजून कोन येनार हाय का?"

"नाही. निघा."

सात जणांच्या गाडीत आम्ही. गडू मांडीवर. बाबांच्या अस्थी नेताना आई वाटेतला प्रत्येक घाट, प्रत्येक पूल त्यांना सांगत होती, तुला आठवत असेल, आपण दोघं मागे बसून एकमेकांना कोपर मारत होतो. जीव वाटेत चुकू नये म्हणून सांगतात. मी कात्रजला पहिल्यांदा म्हटलं, "आई, कात्रज." शिरवळला नीरेचा पूल आला तेव्हा म्हटलं. पुढे मी बाहेर पाहत राहिले होते, तर कोंडीरामच म्हणाला, "ताई, खंबाटकी लागला. सांगा त्यास्नी." मी सांगितलं. पुढे साताऱ्यापर्यंत तो आठवण करत होता आणि मी सांगत होते.

नदीला पाणी कसलं, घोटाभर. गुरुजी मला थोडं पुढे, डोह आहे तिथे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "भाऊ येणार होते ना?" माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "येतोय." ते बिचारे थांबले. ताम्हण पुन्हा घासलं, दर्भ नीट केले, घाटाच्या पायऱ्यांकडे दोनदा पाहिलं. मीही पाहिलं, दत्तू. तू येणार नाहीस हे माहीत असून पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हटलं, "नाही. येत नाही तो. सुरू करा." त्यांना पुढे बाराला दुसऱ्या घरी जायचं होतं, तारीख बदलून चालणारं नव्हतं.

मी एकटीनं सोडल्या. दोन्ही हात माझेच होते. आईनं नको म्हटलेलं ते मी केलं, एकटीनं उरकलं.

रडू तेव्हाही आलं नाही. गडू हलका लागला एवढंच. परत गाडीत बसल्यावर कोंडीरामनं पाण्याची बाटली दिली, आणि तेव्हा काय झालं कोण जाणे, मला तुझी आठवण आली. आईची नव्हे, तुझी. कोपर मारायला माझ्या बाजूला कोणीतरी हवं होतं. मी सुरूर गाव मागे पडेपर्यंत रडत होते. कोंडीराम बिचारा काच खाली करून बाहेर बघत गाडी चालवत होता. मला तू हवा होतास रे. आईचा मुलगा म्हणून जाऊ दे, माझा भाऊ म्हणून हवा होतास.

आता जे लिहिते ते शालूमावशीला सांगणार नाही, तुलाच सांगते. फेब्रुवारीत मला राग का आला नाही, ते मला परत येताना कळलं. तुझा प्रत्येक मेसेज आला की आई आणखी एक महिना गच्चीवर राहायची. सकाळी वर जायला मला काहीतरी असायचं. तू तारीख पुढे ढकलायचास आणि मी खाली उतरून चहा ठेवायचे. तेव्हा सगळं तुझ्या माथी मारत नाही. तुझंही कदाचित तसंच असेल. तू येत नव्हतास तोवर ती गेलेली नव्हती. तसं असेल तर मला सांग. नसेल, खरंच क्लायंट असतील, तर तेही सांग. मला दोन्ही चालेल.

रंगरावांना कळवलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "हेमाताई, मी घाई केली असं तुम्हाला वाटत नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी फळ्यावरची सूचना स्वतः पुसली. आता सकाळी गच्चीवर जायचं कारण नाही, तरी जाते. पाय जातात.

आता कामाचं. अकरा जूनचं तिकीट रद्द कर. बदलू नकोस, रद्द कर. पूर्ण पैसे परत मिळतात असं नम्रतानं सांगितलंच होतं. ज्या कामासाठी ते काढलं होतंस ते काम झालं. आईसाठी तुला आता कुठेही यायचं नाही. मनाला लावून घेऊ नकोस, आणि रात्री उशिरा फोनही करू नकोस. मी बोलू शकणार नाही.

पण मी आहे. आपल्या घरातली तू आणि मी, एवढीच उरलो आहोत. मला भेटायला यावंसं वाटलं, आजच नाही, केव्हाही, तर ये. फक्त त्या निळ्या कार्डावर येऊ नकोस. ज्याची तारीख बदलता येत नाही, न गेलं तर पैसे परत मिळत नाहीत, असं एखादं साधं तिकीट काढ. रेल्वेचं सेकंड क्लासचं असलं तरी चालेल. मी स्टेशनवर येणार नाही. दार मात्र उघडीन.

वाट पाहत नाही. पत्ता तोच आहे.

तुझी,
ताई